बेत कागदावरचा, बेत कापडावरचा

दिवाळीला पंधरा दिवस उरले की नांदेडच्या वजिराबाद भागात शिंप्यांच्या दुकानांवर ‘नवीन ऑर्डर बंद’ अशी पाटी लागायची. पाटी लागली तरी बायका आत शिरायच्या. माझी आईही शिरायची. तिच्या पिशवीत ब्लाउजपीस असायचा आणि मासिकातून कापून घेतलेले एखादे चित्र. “मास्तर, गळा असा पाहिजे,” एवढेच ती म्हणायची. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून चित्राकडे एकदा बघत, कापड फळीवर पसरत, खडूने पाच-सहा रेघा ओढत आणि कात्री चालवत. दिवाळीच्या आदल्या रात्री ब्लाउज हातात पडे तेव्हा गळा त्या चित्रासारखा असे, निदान आईला तसा वाटे. ते चित्र कोणी काढले असेल, हा प्रश्न आईला पडला नाही, मास्तरांना पडला नाही आणि पुढची कितीतरी वर्षे मलाही पडला नाही.

मराठीत कापड नुसते कापत नाहीत, ते बेततात. मनातल्या योजनेला आपण बेत म्हणतो आणि ती योजना मापात उतरवण्याला बेतणे. दोन्हींचे नाते शब्दातच आहे. शिंपी आधी बेततो, मग कापतो. चांगल्या शिंप्याची ओळख कात्रीच्या धारेवरून होत नाही, कात्री लावण्याआधी तो किती वेळ थांबतो यावरून होते. या थांबण्याच्या जागी एक चित्र असते, कधी कागदावर, कधी खाकी फर्म्यावर, कधी फक्त डोक्यात. कपड्याच्या त्या चित्राविषयी हा लेख आहे.

आमच्या भागाने या कसबाचा मान फार जुन्या काळापासून ठेवला आहे. नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे, नांदेडपासून फार लांब नाही. नामदेव शिंप्याच्या घरचे. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, तो हाच ग्रंथ आणि ते गाव नांदेड. शिंपीकामाच्या हत्यारांतून देवाशी बोलणाऱ्या माणसाचे शब्द त्यामुळे गोदाकाठी रोज गायले जातात. भक्तीच्या इतिहासात शिंप्याला अशी जागा मिळाली. कलेच्या इतिहासात मात्र कपडा बेतणाऱ्याची जागा अजून ठरलेली नाही. चित्रकारावर आपण ग्रंथ लिहितो, चित्रपटाच्या भित्तिपत्रकावरही लिहितो, पण पडद्यावरच्या नायिकेने नेसलेली साडी कोणाच्या हातातल्या पेन्सिलीतून निघाली, हे लिहायचे राहून जाते.

वास्तुविशारदाची पेन्सिल

या चित्राला पुरता मान मिळाला म्हणजे काय होते, हे पाहायला थोडा वेळ इटलीत जावे लागेल. जानफ्रांको फेरे हा फॅशन डिझायनर 1944 साली मिलानजवळच्या लेन्यानो गावी जन्मला. त्याने 1969 साली मिलानच्या तंत्रविद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेतली. घरे बांधण्याऐवजी तो दागिने आणि पट्टे-पिशव्यांची आरेखने करू लागला आणि तिथून कपड्यांकडे वळला. 1978 साली त्याने स्वतःच्या नावाने स्त्रियांचे कपडे आणले. 1989 ते 1996 या काळात पॅरिसच्या ख्रिस्तियान दिऑर या घराण्याची कलात्मक सूत्रे त्याच्याकडे होती. 2007 साली तो वारला. त्याला लोक फॅशनचा वास्तुविशारद म्हणत.

त्याची रेखाटने पाहिली की हे नाव का पडले ते कळते. आकृती उंच, सडपातळ, माणसाच्या खऱ्या प्रमाणापेक्षा बरीच ताणलेली. चेहरा जवळजवळ नाहीच. खांद्याची एक ठाम तिरकी रेघ, कमरेशी गाठ, खाली पायाचा एकच फटकारा. रंग असला तर एक-दोन ठिकाणी. मात्र शिवणाऱ्याला हवे ते सगळे त्यात आहे: भार कुठे येणार, कापड कुठून सुटणार, कुठे ताणले जाणार. घराच्या नकाशात भिंतीचा रंग नसतो, पण भिंत कशावर उभी आहे हे असते. तसेच हे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, सत्तरच्या दशकात हा माणूस भारतात होता. एका इटालियन रेनकोट कंपनीच्या कामासाठी तो इथे येऊन राहिला होता आणि भारताने आपल्याला साधेपणा शिकवला, असे तो पुढे आयुष्यभर सांगत असे. युरोपातला कपडा तुकडे कापून, जोडून, अंगाच्या साच्यात बसवलेला असतो. इथे त्याला साडी आणि धोतर दिसले. सपाट, न शिवलेले कापड. अंगावर येईपर्यंत त्याला आकारच नाही. नेसणारा माणूस रोज सकाळी ते नव्याने घडवतो. वास्तुशास्त्र शिकलेल्या माणसाला हे एक कोडेच वाटले असणार. त्याच्या पुढच्या कामात, विशेषतः ज्यासाठी तो नावाजला गेला त्या पांढऱ्या सदऱ्यांत, गुंडाळण्याची आणि गाठ मारण्याची जी आवड दिसते, तिच्यामागे मला हे कोडे दिसते.

आणि त्याचे कागद? ते राहिले. त्याच्या मागे त्याच्या नावाची संस्था उभी राहिली, तिने रेखाटने, कपडे आणि छायाचित्रे सांभाळली, आणि 2021 साली तो संग्रह तो ज्या तंत्रविद्यापीठात शिकला त्याच विद्यापीठाकडे गेला. आज तिथे त्यावर संशोधन चालते.

फेरे भारतात येऊन कापडाकडे पाहत होता त्याच्या वीसएक वर्षे आधीपासून मुंबईत एक मराठी बाई हेच काम करत होती. फरक इतकाच की, तिची रेखाटने प्रदर्शनात टांगायची नव्हती. ती शिंप्याकडे जायची होती.

कोल्हापूरची भानुमती

भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये यांचा जन्म 28 एप्रिल 1929 रोजी कोल्हापूरला झाला. ते कोल्हापूर आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचे होते. तिथे चित्रकाराने फक्त चित्र काढायचे, असा नियम नव्हता. बाबूराव पडदे रंगवत, मूर्ती घडवत, कॅमेरा बनवत आणि चित्रपट काढत. भानुमतीचे वडील स्वतःच्या हिमतीवर शिकलेले चित्रकार आणि छायाचित्रकार होते, बाबूरावांच्या चित्रपटांशीही त्यांचा संबंध होता. सात भावंडांत ही तिसरी. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले.

पुढे ती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आली आणि 1951 साली ‘लेडी इन रिपोज’ या चित्रासाठी तिला सुवर्णपदक मिळाले. 1953 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी 1947 साली सुरू केलेल्या त्या गटाबरोबर चित्रे मांडणारी ती एकटी स्त्री होती.

याच सुमारास ती ‘ईव्ह्ज वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटने करत होती. चित्रे विकली जाण्याची वाट पाहणे घरच्या परिस्थितीत परवडणारे नव्हते, रेखाटनांचे पैसे मात्र हाती येत. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले तेव्हा तिने या मुलीला सुचवले की, तू कागदावर काढतेस ते शिवूनच का पाहत नाहीस? त्या दुकानात नट्या येऊ लागल्या आणि त्यांच्यामागून चित्रपट आले. 1955 चा ‘श्री 420’, 1956 चा ‘सी.आय.डी.’, 1957 चा ‘प्यासा’, 1962 चा ‘साहिब बीबी और गुलाम’, 1965 चे ‘वक्त’ आणि ‘गाइड’. गीतकार सत्येंद्र अथैया यांच्याशी लग्न झाल्यावर नाव झाले भानू अथैया. शंभराहून अधिक चित्रपटांत ते आहे.

सुवर्णपदक मिळवलेली, प्रोग्रेसिव्हांच्या पंक्तीला बसलेली चित्रकार कपड्यांत गेली आणि चित्रकलेचे नुकसान झाले, असे त्यांच्याविषयी हळहळून बोलले जाते. ही हळहळ मला पटत नाही. चित्रकलेची जागा फक्त चौकटीत असते असे मानले तरच ती खरी. भानूताई काय काढत होत्या ते पाहिले तर रेघ सुटलेली नाही, तिचे काम बदलले आहे. चौकटीतले चित्र पूर्ण झाले की थांबते. पोशाखाचा आराखडा पूर्ण झाला की कुठे कामाला सुरुवात होते. तो वाचून शिंपी कापणार, रंगारी रंग चढवणार, भरतकाम करणारा टाके घालणार, नटी ते अंगावर घालून नाचणार आणि छायालेखक त्यावर प्रकाश टाकणार. इतक्या हातांना समजेल असे चित्र काढणे हे सोपे काम नाही. सुंदर दिसण्याबरोबर ते चुकीचे वाचता येणार नाही असेही असावे लागते.

1968 च्या ‘ब्रह्मचारी’मधली मुमताजची नारिंगी साडी आठवा. नाचायचे, तेही वेगाने, आणि निरी सुटता कामा नये. भानूताईंनी साडी अंगाबरोबर शिवून टाकली आणि तिला झिप लावली. पुढची काही वर्षे तशा साड्यांची देशभर हौस होती. गंमत पाहा: इटलीचा फेरे न शिवलेल्या कापडाचे कौतुक करत भारतात फिरला, आणि कोल्हापूरच्या भानूताईंनी त्याच्या आधी काही वर्षे साडीच शिवून मोकळी केली. दोघांनीही एकच प्रश्न सोडवला, सपाट कापड आणि हलणारे अंग यांचे जमवायचे कसे. ती साडी मात्र ‘मुमताजची साडी’ म्हणूनच ओळखली गेली. ती बेतणारीचे नाव तिला चिकटले नाही.

अजिंठ्याची उसनवारी

1966 साली लेख टंडन दिग्दर्शित ‘आम्रपाली’ आला. वैजयंतीमाला वैशालीच्या नगरवधूच्या भूमिकेत होत्या. या चित्रपटाच्या पोशाखांसाठी भानूताई अजिंठ्याला गेल्या आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांवरून त्यांनी आपले आराखडे केले. इथे ही कथा मराठवाड्यात येते.

पण अजिंठाच का? जुन्या कपड्यांचे पुरावे दगडात काही कमी नाहीत. आमच्याच नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरावर सुरसुंदरी आहेत, लातूर जिल्ह्यात निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिरावर आहेत. त्यांच्यापुढे उभे राहून एक प्रयोग करावा: दागिने मोजावेत आणि मग कपडा शोधावा. दागिन्यांना जाडी आहे, प्रत्येक मणी वेगळा कोरलेला आहे. कपडा मात्र मांडीवरच्या एक-दोन रेघांत आणि कमरेखालच्या एका सोग्यात संपतो. दगडाला तलम कापड दाखवायचे तर ते जवळजवळ नाहीसेच करावे लागते. रंग तर नाहीच. पोशाख करणाऱ्याला दगडातून घाट मिळतो, कापड मिळत नाही.

अजिंठ्यात कापड मिळते. पट्ट्यापट्ट्यांची अधरवस्त्रे, बारीक नक्षीचे काठ, अंग दिसावे इतकी तलम उत्तरीये. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी लांब बाह्यांची, अंगाबरोबर शिवलेली चोळी घालून नाचते आहे. त्याच लेण्याच्या छतावर टोपी, अंगरखा आणि पायमोजे घातलेले परदेशी लोक आहेत. शिवलेले आणि न शिवलेले कपडे तिथे एकाच छताखाली नांदतात. पोशाखाच्या अभ्यासकाला यापेक्षा मोठे पुस्तक आपल्याकडे नाही.

शिवाय जे. जे. च्या विद्यार्थ्याला अजिंठा हे माहेर होते. त्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत नकला करत होते. त्यांच्या आधी 1840 च्या दशकापासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे राबून केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नकलांनाही 1885 साली साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातल्या पुष्कळ गेल्या. दोनदा आग लागली, दोनदा कागद आणि कापड गेले. राहिले ते 1896-97 साली छापून निघालेले दोन खंड. चित्राची नक्कल मूळ चित्राहून आधी मरते, ही गोष्ट अजिंठ्याइतकी कडक दुसऱ्या कोणी शिकवलेली नाही.

आणि इटली इथेही आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तसेच नांदेड आणि लातूरही. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने 1920 साली चित्रांच्या जतनासाठी दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले, प्राध्यापक लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ऑर्सिनी. त्यांनी भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा पुन्हा चिकटवला आणि पुष्कळ चित्रे पडण्यापासून वाचवली. त्याच कामात चित्रांवर शेलॅकचा हात दिला गेला आणि काही वर्षांत तो पिवळा पडून रंग झाकोळला. म्हणजे 1960 च्या दशकात जो कोणी लेण्यात कागद घेऊन बसला, त्याला पाचव्या शतकातले रंग त्या पिवळ्या पापुद्र्याआडून वाचावे लागत होते. त्या रंगांवरून पडद्यासाठी कापड रंगवायचे तर नक्कल पुरेशी नव्हती, अंदाज करावा लागत होता. भानूताईंच्या आराखड्यांतली चित्रकार इथे दिसते.

इतिहासाच्या अभ्यासकाला एक आक्षेप मात्र नोंदवलाच पाहिजे. आम्रपाली बुद्धाची समकालीन. अजिंठ्याची ही प्रसिद्ध चित्रे वाकाटकांच्या काळातली, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. मध्ये सुमारे हजार वर्षे आहेत. वैशालीच्या नगरवधूला वाकाटकांच्या दरबारचे कपडे घालणे म्हणजे यादवकालीन बाईला आजची पैठणी नेसवण्यासारखे आहे. तरीही त्या काळापुरता दुसरा मार्ग नव्हता, कारण बुद्धकालीन माणसाचे रंगीत चित्र आपल्याकडे नाही. भानूताईंनी उपलब्ध पुराव्यांतला सगळ्यात बोलका पुरावा घेतला.

त्याची किंमत आपण अजून देतो आहोत. तो पोशाख इतका पटला की पुढच्या पौराणिक चित्रपटांनी आणि मालिकांनी तोच घाट उचलला. कमरेला घट्ट बसणारे, पायात धोतरासारखे वळलेले वस्त्र, उराला पट्टी, दंडाला बाजूबंद. रामायण असो की मौर्यकाळ, सगळ्यांना एकच कपडा. ‘प्राचीन भारत’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे येते, त्यातला मोठा भाग अजिंठ्याचा आहे आणि तो आपल्यापर्यंत 1966 च्या एका शिलाईकामातून आला आहे. एका आराखड्याची ताकद एवढी असू शकते. म्हणूनच तो आराखडा इतिहासाचे साधन म्हणून तपासला पाहिजे. पोशाखाचे कागद हाताशी असतील तरच कळेल की चित्रकाराने भिंतीवरून किती घेतले आणि स्वतःच्या मनाने किती घातले.

खादीची रेघ

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटाचे काम याच्या अगदी उलट होते. 1982 साली आलेल्या या चित्रपटात कल्पनेला वाव फार थोडा, कारण पुरावे ढिगाने. गांधीजींची छायाचित्रे हजारोंनी होती, त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. दक्षिण आफ्रिकेतला 1893 चा सूटबूट घातलेला बॅरिस्टर, 1915 साली काठियावाडी पोशाखात परतलेला माणूस, सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला सगळे उतरवून पंचा नेसलेला माणूस. हा सगळा प्रवास कपड्यांचा आहे. दरवेळी एक कपडा कमी होतो आणि माणूस मोठा होतो. पोशाखकाराला असे काम क्वचितच मिळते, जिथे कपडे काढून टाकणे हेच पोशाखाचे कथानक आहे.

इंग्रज आणि लष्करी पोशाखांची बाजू जॉन मोलो यांनी पाहिली, भारतीय पोशाख भानूताईंनी. एका गांधींपुरते हे काम नव्हते. कस्तुरबा, नेहरू, पटेल, जिना, आश्रमातली माणसे, मिठाच्या सत्याग्रहातले लोक, फाळणीतले निर्वासित, आणि अंत्ययात्रेचा तो प्रसंग, ज्यासाठी सुमारे तीन लाख लोक जमले होते. आपल्याकडे माणूस डोक्यावरून ओळखतात. मराठवाड्यातला रुमाल वेगळा, पुण्याची पगडी वेगळी, काठियावाडी पागोटे वेगळे, पंजाबी पगडी वेगळी. गर्दीतल्या एका माणसाचे मुंडासे चुकले तर परदेशी प्रेक्षकाला कळणार नाही, पण त्या गावच्या माणसाला लगेच कळेल.

खादी कागदावर काढणे अवघड असते. रेशमाला चकाकी असते, ती रंगाने दाखवता येते. खादीला भार आणि पडण्याची एक रीत असते. हाताने कातलेले सूत एकसारखे नसते, त्यात जाड-बारीक गाठी येतात आणि त्यामुळे कापड गिरणीच्या कापडासारखे सपाट पडत नाही, जरा अडून पडते. ही अडून पडण्याची रेघ पेन्सिलीने पकडता आली पाहिजे, तरच खादी खादी दिसते. 2001 च्या ‘लगान’मध्ये चंपानेरच्या गावकऱ्यांच्या अंगावरचे कपडे असेच आहेत. कोणीही नवा कपडा घालून शेतात आल्यासारखा दिसत नाही. 1990 च्या ‘लेकिन’ला आणि ‘लगान’ला पोशाखांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते याच नजरेला.

ही रेघ आमच्या ओळखीची आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला आहे. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते. ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणले जाते आणि ध्वज नांदेडला आकाराला येतो. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन, चक्राला 24 आरे, रंगांच्या छटा ठरलेल्या, धाग्यांची वीण ठरलेली. आधी कागदावर बेत ठरतो, मग शेकडो हात तो कापडात उतरवतात आणि वर जातो तेव्हा कोणा एकाचे नाव त्यावर नसते. ध्वजाला ते शोभते. पण माणसाने एकेक व्यक्तिरेखा विचार करून बेतलेल्या पोशाखालाही आपण तोच न्याय लावावा का?

कागद कुठे राहतात

11 एप्रिल 1983 रोजी ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्याबरोबर भानू अथैया यांना ऑस्कर मिळाले. त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्या रात्री चित्रपटाला एकूण आठ ऑस्कर मिळाली. 2010 साली त्यांचे पोशाखकलेवरचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्यात त्यांची रेखाटने प्रथमच एकत्र पाहायला मिळाली. तोवर बहुतेकांना हा कागदांचा ढीग आहे हेही ठाऊक नव्हते.

2012 साली, मेंदूत गाठ असल्याचे कळल्यानंतर, भानूताईंनी ऑस्करची बाहुली अमेरिकेच्या अकादमीकडे सांभाळायला परत पाठवली. 2004 साली शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेले होते, त्याचा दाखला त्यांनी दिला होता. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली, पण तिचा खरा अर्थ बाहुलीत नव्हता. एक बाई आयुष्याच्या अखेरीस विचार करत होती की, माझ्यामागे माझे सांभाळेल कोण, आणि तिला उत्तर सापडले ते सात समुद्रांपलीकडे. ज्या अकादमीकडे बाहुली गेली, तिच्या ग्रंथालयात पोशाखांच्या रेखाटनांचा फार मोठा संग्रह आहे. तिथे पोशाखाचा कागद हा दस्तऐवज मानला जातो.

15 ऑक्टोबर 2020 रोजी भानूताई गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांची चित्रे आणि रेखाटने मुंबईच्या प्रिन्सेप्स या संस्थेने लिलावात मांडली. लिलावाने एक चांगले केले: त्यांच्यातली चित्रकार लोकांपुढे पुन्हा आली, कागदांना किंमत आहे हे कळले. पण लिलावाचा स्वभावच वाटून देण्याचा असतो. एक कागद या घरात, दुसरा त्या घरात. आराखड्याचे मोल एकेकट्या कागदात पुरते सापडत नाही. अजिंठ्यातले टिपण, त्यावरून केलेला पहिला बेत, बदललेला दुसरा बेत आणि शेवटी पडद्यावर दिसलेला कपडा, ही साखळी एकत्र असली तरच मघाशी विचारलेला प्रश्न सोडवता येतो. फेरेची साखळी एका छताखाली आहे, म्हणून त्याच्या एका खांद्याच्या रेघेवर प्रबंध लिहिता येतो.

आपल्याकडे चित्रपट आणि त्यांची भित्तिपत्रके जतन करण्याची परंपरा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 1964 पासून निर्माण केली आहे. त्याच शेजारी पोशाखाच्या कागदांचे एक कपाट असायला हरकत कसली? ते फक्त मोठ्या नावांचे असू नये. नाटक कंपन्यांचे वेशभूषाकार, तमाशाच्या फडाला शालू-पैठण्या शिवून देणारे, गावोगावच्या शिंप्यांच्या मापवह्या आणि खाकी फर्मे, हे सगळे त्यात यावे. कोणत्या दशकात नांदेडच्या बाईने गळा किती खोल घेतला आणि लातूरच्या नवरदेवाने सफारी कधी सोडून शेरवानी घातली, हे सांगणारे दुसरे साधन आपल्याकडे नाही.

वजिराबादचे ते मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. दुकानाच्या जागी तयार कपड्यांचे दालन आहे. गेल्या दिवाळीत आईच्या कपाटात त्यांच्या हातचा एक ब्लाउज सापडला. आतून उलटा करून पाहिला तेव्हा बाहीच्या शिवणीत, जिथे इस्त्री कधी पोहोचली नव्हती, तिथे खडूची एक निळी रेघ अजून शाबूत होती.